रस्ता नसलेल्या गावात दात कोण बघणार? अलास्कातलं एक प्रकरण

अलास्काच्या पश्चिम टोकाला युकॉन आणि कस्कोक्विम या दोन मोठ्या नद्या बेरिंग समुद्राला मिळतात. त्यांच्या गाळानं बनलेला प्रदेश अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याएवढा विस्तीर्ण आहे. सपाट, पाणथळ, तळ्यांनी भरलेला, बराचसा भाग बिनझाडांचा. एवढ्या जागेत पन्नासेक गावं आणि पंचवीस-तीस हजार माणसं. त्यातली बहुसंख्य युपिक या आदिवासी समाजाची. बेथेल हे त्यातलं मोठं गाव. मोठं म्हणजे सहा हजारांच्या आसपास वस्तीचं. बाहेरून बेथेलला येणारा पक्का रस्ता नाही आणि बेथेलहून गावांना जाणाराही नाही. उन्हाळ्यात होडी, नदी घट्ट गोठली की बर्फावरून गाडी, आणि एरवी लहान विमान, तेही हवामानाच्या मर्जीवर. नदी गोठत असताना आणि वितळत असताना तर होडीही चालत नाही आणि गाडीही. अँकरेजचं मोठं रुग्णालय बेथेलपासून सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर.

अशा गावात दाढ ठणकायला लागली तर काय हाल होतील, ते सांगायला नको. हे प्रकरण त्याच्या आधीच्या टप्प्याचं आहे. दाढ ठणकूच नये म्हणून जे करायचं असतं ते इथं कोणी करायचं? आणि एका गावाला मिळालं, शेजारच्याला नाही, असं होऊ नये म्हणून व्यवस्था कशी लावायची? अलास्कातल्या आदिवासी आरोग्य संस्थांनी याचं जे उत्तर काढलं त्यावरून कोर्टकचेरी झाली, देशातल्या दंतवैद्यांची सर्वांत मोठी संघटना विरोधात उभी राहिली, आणि तरीही ते उत्तर टिकलं. ते किती पुरलं, हा वेगळा मुद्दा; त्याकडे शेवटी येऊ.

दुखणं केवढं होतं

२००८ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राकडे, म्हणजे सीडीसीकडे, अलास्काच्या आरोग्य खात्याकडून एक तक्रारवजा माहिती आली. राज्याच्या एका दुर्गम भागात आदिवासी मुलांवर भूल देऊन सगळ्या तोंडाचं काम एकाच वेळी करण्याची पाळी फार वेळा येत होती. आदल्या वर्षी, २००७ मध्ये, त्या एका भागात सहा वर्षांखालच्या मुलांवर असे सुमारे ४०० उपचार झाले होते. सगळ्या तोंडाचं काम म्हणजे काही दात काढायचे, काहींत सिमेंट भरायचं, काहींवर स्टीलच्या टोप्या बसवायच्या. मूल इतकं लहान आणि किडलेले दात इतके, की शुद्धीत ठेवून ते होत नाही.

सीडीसीच्या पथकानं पाच गावांतल्या ३४८ मुलांचे दात तपासले. चार-पाच वर्षांच्या मुलांपैकी ८७ टक्क्यांना आणि बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ९१ टक्क्यांना कीड लागलेली होती किंवा लागून गेलेली होती. देशभरात याच वयांचे आकडे ३५ आणि ५१ टक्के होते. किडीशी जोडलेली दोन कारणं ठळकपणे पुढे आली: पिण्याच्या पाण्यात दात बळकट करणारं फ्लोराइड नसणं आणि गोड सोडा-पेयं.

या आकड्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. मुलांना कीड जास्त लागते ही एक. आणि लागलेली कीड लहान असतानाच कोणाच्या नजरेला पडत नाही ही दुसरी. पहिलीवर औषध आहे पाणी आणि आहार, दुसरीवर माणूस. या प्रकरणातली मुख्य लढाई दुसरीवर झाली.

विमानानं येणारा दंतवैद्य

जुनी पद्धत अशी. बेथेलसारख्या मध्यवर्ती गावातल्या रुग्णालयात दंतवैद्य नेमायचे. त्यांनी वर्षातून ठरावीक दिवस घडीची खुर्ची आणि पेट्यांत भरलेली यंत्रं घेऊन गावात उतरायचं, शाळेत किंवा गावच्या दवाखान्यात मुक्काम करायचा आणि जमेल तेवढं उरकून परत फिरायचं. यात बाहेरून आलेले डॉक्टर पुष्कळ. बरेच जण काही वर्षांत निघून जायचे आणि त्यांची जागा भरेपर्यंत गावांच्या फेऱ्या रद्द व्हायच्या.

कागदावर ही सेवा सगळ्यांना सारखीच होती. गावं ठरलेली, दिवस ठरलेले. पण थोड्याच दिवसांसाठी आलेला दंतवैद्य सकाळी दार उघडतो तेव्हा बाहेर कोण उभं असतं, याचा विचार करा. सुजलेला गाल घेऊन आलेला माणूस आधी, रात्रभर रडलेलं पोर त्याच्यानंतर. त्यांना टाळून ज्याला काहीच दुखत नाही अशा सहा वर्षांच्या मुलीच्या दाढेवर लेप द्यायला कुठला सहृदय डॉक्टर बसेल? रांगेत दुखण्याचा नंबर नेहमी आधी लागतो. फेरी संपते तेव्हा काढलेल्या दातांचा हिशेब मोठा असतो आणि वाचवलेल्या दातांचा लहान. यात डॉक्टरांचा दोष मला दिसत नाही, रचनेचा दिसतो.

त्याहून महत्त्वाची अडचण वेळेची आहे, आणि तिच्याकडे धोरण आखणारे सहसा दुर्लक्ष करतात. आपल्याला वाटतं की उपचार तातडीचा आणि प्रतिबंध सवडीचा. दातांच्या बाबतीत हे बरंचसं उलटं आहे. किडलेली दाढ आज काढली काय आणि दोन महिन्यांनी काढली काय, वेदना आणि सूज सोसावी लागते खरी, पण काम बहुतेक वेळा तेच राहतं. प्रतिबंधाचं तसं नाही. त्याची वेळ दात ठरवतो.

पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागे, हळूच. पुष्कळ आईबापांना ती दुधाचीच वाटते. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असतात आणि ब्रशचा केस आत पोचत नाही. दाढ पूर्ण वर आली की त्या खाचा सीलंटनं, म्हणजे वर घट्ट बसणाऱ्या पातळ थरानं, बुजवायच्या असतात. आधी गेलात तर हिरडीचा पडदा अर्ध्या दाढेवर असतो, जागा कोरडी राहत नाही, सीलंट धरत नाही. उशिरा गेलात तर खाचेत कीड बसलेली असते. हेच पुन्हा बाराव्या वर्षाच्या आसपास दुसऱ्या दाढेला. एका इयत्तेतल्या मुलांच्या दाढा एकाच आठवड्यात येत नाहीत. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला वर्गातल्या काही मुलांची वेळ साधते, बाकीच्यांची हुकते, आणि धुक्यामुळे फेरी रद्द झाली तर सगळ्यांचीच हुकते.

फ्लोराइड वार्निशचंही तसंच. पाच टक्के सोडियम फ्लोराइडचा हा चिकट लेप. लावायला मिनिटभर लागतं, खुर्ची लागत नाही, ड्रिल लागत नाही. मूल मांडीवर आडवं घेतलं तरी चालतं. मात्र किडीचा धोका जास्त असलेल्या मुलांना तो दर तीन-चार महिन्यांनी लावावा लागतो आणि सुरुवात पहिले दात दिसल्यापासून व्हायला हवी. म्हणजे प्रतिबंधाला भारी यंत्रं आणि मोठी पदवी कमी लागते, हजेरी जास्त लागते. विमानातून येणाऱ्या डॉक्टरकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती.

गावातलाच माणूस

अलास्काकडे यावर एक जुना अनुभव होता. १९५० च्या दशकात क्षयानं गावंच्या गावं पोखरली होती. औषधं रोज, महिनोन्महिने घ्यायची, आणि गावात डॉक्टर नाही. तेव्हा गावातल्याच काही जणांना शिकवून औषधं वाटायचं काम दिलं गेलं. यातून गाव आरोग्य सहायकांची व्यवस्था वाढली आणि १९६८ मध्ये तिला केंद्र सरकारचा पैसा आणि अधिकृत रूप मिळालं. हे सहायक आजही गावच्या दवाखान्यात बसतात, ताप-खोकला-जखमा बघतात, आणि डॉक्टरशी फोनवर बोलून पुढचं ठरवतात. त्यांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आदिवासी आरोग्याच्या केंद्रीय कायद्याखाली येतं, राज्याच्या परवाना मंडळाखाली नाही. हा तपशील पुढे निर्णायक ठरला.

हीच पद्धत दातांना का लावू नये? नमुना शोधायला दूर जावं लागलं. न्यूझीलंडनं १९२१ मध्ये शालेय दंतसेवा सुरू केली होती. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या तरुणांचे दात पाहून तिथलं सरकार हादरलं होतं. थॉमस हंटर यांच्या पुढाकारानं तरुण मुलींना दोन वर्षं शिकवून शाळांत नेमलं गेलं. त्या मुलांचे दात तपासायच्या, साफ करायच्या, कीड काढून दाढा भरायच्या, दुधाचे दात काढायच्या. अमेरिकेतही १९४९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं असा प्रयोग करायला परवानगी दिली होती. दंतवैद्यांच्या संघटनांनी गदारोळ केला आणि १९५० मध्ये तो कायदा मागे घेतला गेला. त्यामुळे अर्ध्या शतकानंतरही अमेरिकेत हे शिकवणारी एकही शाळा नव्हती.

२००३ मध्ये अलास्काच्या आदिवासी आरोग्य संस्थांनी सहा विद्यार्थी न्यूझीलंडला, डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठात पाठवले. बर्फातून उठून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला दोन वर्षं राहायचं, आणि परत येऊन आपल्याच भागात काम करायचं, अशी ती बोली होती. २००५ पासून ते कामाला लागले. त्यांचं पद ‘दंत आरोग्य सहायक थेरपिस्ट’. पुढे नुसतं थेरपिस्ट म्हणू. २००७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मदतीनं प्रशिक्षण अलास्कातच सुरू झालं, पहिलं वर्ष अँकरेजला आणि दुसरं बेथेलला. बेथेलला ठेवण्यात शहाणपण होतं: शिकणाऱ्यांना सरावासाठी जे रुग्ण मिळाले ते याच भागातले होते.

थेरपिस्टचं शिक्षण बारावीनंतर दोन वर्षांचं. त्यानंतर पर्यवेक्षक दंतवैद्याच्या नजरेखाली किमान ४०० तास प्रत्यक्ष काम. मग तो दंतवैद्य त्या व्यक्तीचं कौशल्य पाहून लेखी आदेश देतो: हे हे स्वतःच्या जबाबदारीवर कर, हे विचारून कर, हे करू नको. तपासणी, एक्स-रे, दात साफ करणं, वार्निश, सीलंट, साधी फिलिंग, दुधाच्या दाताच्या नसेचं साधं काम, सरळसोट दात काढणं, एवढा आवाका. रूट कॅनल, कवळी, जबड्याच्या शस्त्रक्रिया या कक्षेबाहेर. पर्यवेक्षक बेथेलला; फोन, फोटो आणि एक्स-रेच्या प्रती मध्ये धावतात. दर दोन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण.

थेरपिस्टच्या खालीही पायऱ्या आहेत, आणि बाहेरच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. प्राथमिक दंत सहायक हा त्यातला सर्वांत खालचा. थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण, काम वार्निश लावणं, ब्रश शिकवणं, मुलांच्या याद्या ठेवणं. ड्रिलला हात लावायचा नाही. कोर्टात भांडण झालं ते ड्रिलवरून, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष थेरपिस्टकडे गेलं. न्याय्य प्रतिबंधाच्या दृष्टीनं मला ही खालची पायरी निम्म्याहून जास्त महत्त्वाची वाटते.

खटला

२००६ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि अलास्काची राज्य संघटना कोर्टात गेल्या. म्हणणं असं, की राज्याच्या कायद्यानुसार परवाना नसलेली माणसं दंतवैद्यकी करत आहेत. दात एकदा कोरला की परत येत नाही, काढला की परत बसत नाही. चूक झाली तर भरपाई नाही. आणि याला एक नैतिक बाजूही जोडलेली होती: आदिवासींना दुय्यम दर्जाची सेवा का? शहरातल्या माणसाला आठ वर्षं शिकलेला डॉक्टर, आणि यांना दोन वर्षं शिकलेला सहायक?

हा शेवटचा सवाल सहज झटकून टाकण्यासारखा नाही. गरिबांसाठी, आदिवासींसाठी, लांबच्या लोकांसाठी ‘एवढं पुरे’ म्हणण्याची खोड जगभरच्या सरकारांना आहे. तात्पुरती म्हणून दिलेली कमी प्रतीची सोय कायमची होते आणि खऱ्या सोयीची मागणी थंडावते. त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांच्या पोटात धंद्याचं दुखत होतं एवढं म्हणून मोकळं होता येत नाही, जरी तेही थोडं असावं.

पण तुलना कशाशी करायची, यावर सगळं अवलंबून आहे. आक्षेप घेणारे थेरपिस्टची तुलना गावात कायम बसलेल्या दंतवैद्याशी करत होते, आणि तसा दंतवैद्य त्या गावांत कधीच नव्हता. गावानं तुलना केली ती रिकाम्या खुर्चीशी. दुसरं असं, की पुढे येणाऱ्या गुंतागुंतीच्या केसेससाठी दंतवैद्य काढून घेतलेला नव्हता. साधी कामं गावात होऊ लागली तर त्याच्या फेरीचे दिवस अवघड कामांना मोकळे होणार होते. संघटनेनंही आपला पर्याय मांडला: समाजात जाऊन माहिती देणारा, प्रतिबंध करणारा, रुग्णाला डॉक्टरपर्यंत पोचवणारा समन्वयक. कल्पना वाईट नव्हती. मात्र ‘डॉक्टरपर्यंत पोचवणं’ हीच जिथं मुख्य अडचण आहे, तिथं पोचवणारा माणूस नेमून काय साधणार?

२००७ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की केंद्रीय कायद्याखाली प्रमाणित झालेल्या या सहायकांना राज्याचा परवाना कायदा आड येत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी तडजोड केली. म्हणजे गुणवत्तेचा वाद कोर्टानं सोडवला नाही. अधिकार कोणाचा एवढंच ठरवलं. गुणवत्तेचं उत्तर दवाखान्यातून यायचं होतं.

ते २०१० मध्ये बऱ्यापैकी आलं. आरटीआय या संशोधन संस्थेनं पाच ठिकाणच्या थेरपिस्टांचं काम प्रत्यक्ष बसून पाहिलं, भरलेल्या दाढा तपासल्या, रुग्णांशी बोलून घेतलं. निष्कर्ष: नेमून दिलेल्या मर्यादेत ते सुरक्षित आणि सक्षम काम करतात, लोक समाधानी आहेत. मूल्यमापनाचा पैसा केलॉग प्रतिष्ठान आणि इतर दोन दानसंस्थांनी दिला होता. पाच ठिकाणं म्हणजे नमुना छोटाच, आणि कोणी शेजारी वही घेऊन बसलं की हात जरा जपूनच चालतो. ‘काम नीट करतात का’ याचं उत्तर त्यातून मिळालं. ‘गावातली कीड कमी झाली का’ याचं मिळालं नाही, आणि अहवालाचा तो हेतूही नव्हता.

दिवस मोजले तेव्हा

या प्रकरणातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१५ या दहा वर्षांच्या नोंदी घेतल्या, त्रिभुज प्रदेशातल्या ४८ वस्त्यांच्या. प्रत्येक वस्तीला थेरपिस्टचे किती कामाचे दिवस मिळाले ते मोजलं आणि त्या वस्तीतल्या लोकांच्या दातांचं काय झालं त्याच्याशी ताडून पाहिलं. जिथं दिवस जास्त, तिथं तीन वर्षांखालच्या मुलांचे पुढचे चार दात काढायची वेळ कमी आली. मोठ्यांचेही दात कमी काढले गेले. मुलं आणि मोठे, दोघांतही प्रतिबंधक सेवा घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं.

पुढचे चार दात का, हे थोडं सांगायला हवं. बाळाला बाटलीतून गोड पेय देत झोपवलं की सर्वांत आधी वरचे पुढचे दात सडतात. तीन वर्षांच्या आत ते काढावे लागणं म्हणजे पहिल्या वाढदिवसापासून कोणी त्या तोंडात डोकावलेलंच नाही. त्यामुळे हे माप चांगलं निवडलेलं आहे. ते डॉक्टरचं कसब मोजत नाही, कोणी वेळेवर पोचलं का ते मोजतं.

इथं सावध राहायला हवं. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नाही. ज्या गावांना दिवस जास्त मिळाले ती मुळातच वेगळी असू शकतात, आणि तशी ती काही प्रमाणात आहेतच. थेरपिस्टला बसायला एक्स-रे, हवा-पाण्याची जोडणी, निर्जंतुकीकरणाची सोय लागते. ती प्रत्येक गावात नाही. त्रिभुज प्रदेशात बेथेलखेरीज पाच उपकेंद्रं आहेत: अनियाक, एमोनाक, हूपर बे, सेंट मेरीज आणि टूकसूक बे. थेरपिस्ट स्वाभाविकपणे इथं बसतात आणि आसपासच्या लहान गावांना फेऱ्या करतात.

म्हणजे पाहा, काय झालं. अँकरेज आणि बेथेलमधली दरी कमी करायला निघालेली योजना उपकेंद्र आणि त्याच्या पलीकडचं गाव यांच्यात नवी दरी पाडू शकते. उपकेंद्रातल्या मुलाला थेरपिस्ट वर्षभर शेजारी. दोन वळणं पलीकडच्या गावातल्या मुलाला पुन्हा विमानाची वाट. या दुसऱ्या मुलाची अवस्था जुन्या पद्धतीतल्या मुलाहून बरी आहे, पण फरकाचं स्वरूप तेच. प्रदेशाची सरासरी काढली की ही दरी दिसत नाही. वस्तीवार दिवस मोजले की लगेच दिसते.

पाणी आणि पॉप

आता त्या अर्ध्या भागाकडे येतो जो कुठल्याही थेरपिस्टच्या हातात नाही. या भागातल्या अनेक घरांत नळ नाही. जमीन कायम गोठलेली, खोदून पाइप टाकणं अवघड आणि खर्चिक. लोक गावच्या सामायिक धुलाईघरातून पाणी भरून आणतात किंवा पावसाचं, नदीचं, बर्फाचं पाणी वापरतात. पाण्यात फ्लोराइड मिसळायचं तर आधी पाण्याची योजना हवी, मग मिसळायचं यंत्र आणि ते रोज तपासणारा शिकलेला माणूस. छोट्या गावात तो एकच असतो. तो गाव सोडून गेला की फ्लोराइड बंद पडायला वेळ लागत नाही. प्रमाण तर अगदी थोडं लागतं. २०१५ पासून अमेरिकेत शिफारस आहे लिटरला ०.७ मिलिग्रॅमची.

पाणी असं, आणि पॉप मात्र सहज मिळतं. पॉप म्हणजे डब्यातला गोड सोडा. अलास्कातल्या दुर्गम गावांना किराणा पोचावा म्हणून टपाल खात्याची एक खास योजना आहे. मोठ्या मोठ्या खेपा टपाल कार्यालयाला वळसा घालून थेट विमानात चढतात, आणि खऱ्या वाहतूक खर्चाहून बऱ्याच कमी दरात गावच्या दुकानात उतरतात. पीठ, साबण, डायपर, आणि पॉपसुद्धा. म्हणजे एकीकडे सरकारी पैशानं दातांचा सहायक त्या विमानातून उतरतो, आणि दुसरीकडे टपाल खात्याच्या तोट्यावर त्याच विमानातून सोड्याच्या पेट्या. योजनेतून पॉप वगळा असं म्हणणं सोपं आहे. पण घरात पिण्याजोगं, चवीला बरं पाणी नसताना ते वगळून लोकांनी काय प्यायचं, हे सांगितल्याशिवाय तसं म्हणू नये. पाणी आधी, बंदी मग.

सीडीसीची तपासणी झाली तेव्हा थेरपिस्ट येऊन तीन वर्षं होत होती आणि त्यांची संख्या बोटांवर मोजण्याएवढी होती. त्यामुळे ८७ आणि ९१ टक्क्यांचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. तसंच, आज थेरपिस्ट भरपूर झाले तरी पाण्याची बाजू तशीच राहिली तर नव्यानं लागणारी कीड फारशी हटणार नाही. ती लवकर दिसेल, लहान असताना भरली जाईल, दात वाचेल. हे थोडं नाही. पण याला कोणी प्रतिबंध म्हणू लागलं, तर तो अर्धाच आहे.

नंतरचं, थोडक्यात

२००९ मध्ये मिनेसोटानं दंत थेरपिस्टना कायद्यानं मान्यता दिली. २०१० मध्ये आदिवासी आरोग्य कायद्याचं नूतनीकरण झालं. अलास्काची योजना टिकली, पण इतर राज्यांतल्या आदिवासी संस्थांना ती उचलायची तर त्या राज्याची अनुमती लागेल अशी मेख मारली गेली. त्याच कायद्यात पक्का दात काढण्यापूर्वी परवानाधारक दंतवैद्याचा सल्ला घेण्याची अटही आली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्विनोमिश जमातीनं २०१६ मध्ये, राज्याचा कायदा होण्याआधीच, अलास्कात शिकलेला थेरपिस्ट नेमला. कायदा २०१७ मध्ये झाला. २०२० मध्ये अलास्काच्या प्रशिक्षणक्रमाला दंतशिक्षणाच्या राष्ट्रीय मान्यता आयोगाची मान्यता मिळाली. देशात ती मिळवणारा तो पहिला.

निर्णय कुठं अडतो

प्रकरण अभ्यासात शेवटी विचारतात, तुम्ही निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत असता तर काय केलं असतं. समजा, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आखायचं आहे. थेरपिस्ट मोजके, गावं पन्नासेक.

उपकेंद्रात बसवलं तर एका दिवसात सर्वांत जास्त दाढा भरून होतात. विमानाची वाट बघण्यात दिवस जात नाही, यंत्रं उघडी-बंद करावी लागत नाहीत. एकूण आकडा चांगला दिसतो आणि पैसे देणारे खूश होतात. फेऱ्या वाढवल्या तर आकडा घसरतो.

माझ्या मते क्रम असा लावायला हवा. आधी प्रत्येक गावाला, कितीही लहान असो, प्राथमिक सहायक. त्या गावातलाच, अर्धवेळ चालेल. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला वर्षातून किमान चार वेळा वार्निश, आणि कोणाच्या दाढा कधी येताहेत याची यादी त्याच्या वहीत. थेरपिस्टची फेरी त्या यादीवरून ठरवायची: पुरेशा दाढा वर आल्या की फेरी. हवामानामुळे हुकलेली फेरी पुढच्या वर्षावर न ढकलता पुढच्या उघडीपीत भरून काढायची. हे झाल्यावर जे दिवस उरतील ते उपकेंद्रांना. आणि वर्षाच्या शेवटी प्रदेशाच्या सरासरीबरोबर सर्वांत कमी दिवस मिळालेल्या दहा गावांची नावंही छापायची.

याची किंमत आहे. उपकेंद्रातल्या मोठ्या माणसांना फिलिंगसाठी आणखी काही आठवडे थांबावं लागेल, आणि त्यातल्या काहींच्या दाढा तोवर भरण्यापलीकडे जातील. ती माणसं खरी आहेत, दुखणं खरं आहे, आणि ती दवाखान्याच्या दाराशी उभी असतील. लहान गावातलं मूल तिथं नसेल. त्यामुळे हा क्रम दर महिन्याला मोडावासा वाटेल. तो कोणी, कोणत्या कारणानं मोडायचा, हे वेळापत्रकाबरोबरच लिहून ठेवावं लागेल.